सब्ज्याची सहा रोपं

ताजुन्निसाचाचींच्या कुसगावच्या अंगणात झेंडू होता, गवती चहा होता आणि कुंपणाच्या कडेनं दाट सब्जा. हात लागला तरी वास दिवसभर बोटांना राहायचा. गल्लीतल्या शेळ्या यायच्या, हुंगायच्या, तोंड फिरवून जायच्या.

"माणसंबी तशीच जात्यात," चाची म्हणायच्या.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. मराठीत एम.ए. केलं, नोकरी हॉटेलच्या काउंटरवर. संध्याकाळचा चहा चाचींच्या पायरीवर.

सब्जा खरं तर अंगणासाठी नव्हता, चाचींच्या नवऱ्याच्या, गुलजारचाचांच्या कबरीसाठी होता. कब्रस्तानात शेळ्या शिरतात, गुलाब ठेवत नाहीत. सब्ज्याला तोंड लावत नाहीत. चाची तिथं कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे बायका जात नाहीत. चार पावसाळे मुलगा, अरहम, रोपं घेऊन जायचा. आल्यावर सांगायचा, "लय दाट झालाय, अम्मी." तेवढ्यावर चाचींचं वर्ष निघायचं.

यंदा अरहम मस्कतला आहे. चाचींनी ओल्या फडक्यात सहा रोपं बांधली.

"गौरव, लावून ये. आन् कसा दिसतोय ते नीट बघ."

कब्रस्तानाची देखरेख करणाऱ्या यासीनभाईंनी कबर दाखवली. उघडी माती. वर शेळ्यांच्या लेंड्या. शेजारच्या कबरीवर मात्र कमरेएवढा सब्जा, मंजिऱ्यांनी भरलेला.

"पोरानं पहिल्या सालीच चुकीच्या कबरीवर लावला," यासीनभाई म्हणाले. "दगडांवर नावं नाहीत. रडत होता, तेव्हा बोललो नाही. मग राहूनच गेलं."

मी सहाही रोपं चाचांच्या मातीत लावली. परतताना खोटं जुळवत होतो. पायरीवर बसल्यावर जमलं नाही; पाहिलं ते सांगून टाकलं.

चहावर साय धरली.

"म्हंजी चार वर्सं यांच्या अंगावर शेळ्या बसल्या."

"आता लावलाय, चाची."

"शेजारी कोन हाय?"

"यासीनभाईंनाही माहीत नाही. त्याचं कुणी येत नाही."

"मग त्याचा उपटू नको. फुडल्या साली दोघांची रोपं ने."

मी मान हलवली. त्या कुंपणाकडे बघत होत्या.

"यांच्या दुसऱ्या अंगाला जागा मोकळी हाय का रं?"

मी ते पाहिलंच नव्हतं.

"उद्या बघून ये," चाची म्हणाल्या, आणि माझा कप घेऊन चहा गरम करायला आत गेल्या.