विश्वास दहापैकी दहा, उत्तर चूक

मित्रवर्यहो, आज दुपारी जरीपटका वस्तीतील संगणकवर्गात मला पुरुषी आत्मविश्वासाचे विराट दर्शन घडले. त्या विराट रूपाचा एक अवयव दुर्दैवाने मीच होतो.

सरांनी फळ्यावर एकपासूनचे आकडे ओळीने मिळवत जाणारा बेरजेचा छोटासा कोड लिहिला. त्याचे उत्तर कागदावर लिहून स्वतःवरील विश्वासाला दहापैकी गुण द्यावेत, अशी आज्ञा झाली. आम्ही मागच्या बाकावरील चार प्रौढ प्रज्ञावंतांनी कोडवर ओझरता कटाक्ष टाकून, त्यातला सहा पाहून, एक ते सहाची बेरीज ‘एकवीस’ लिहिली आणि स्वतःस दहा गुण बहाल केले.

शेजारच्या मंदाताई ओळीओळीवर पेन टेकवत होत्या. त्यांनी ‘पंधरा’ लिहिले आणि विश्वासाला दोन गुण दिले.

“मले काही समजून नाही राहिलं, सर. मी उद्यापासून नाही येत.”

सरांनी कोड चालवला. पडद्यावर पंधरा आले.

“काहून गा, मशीन बिघडली का?” आमच्यातील एक निवृत्त अभियंते गरजले.

“नाही जी भाऊ, सहा आला का थांब, त्याले मिळवू नको, असं लिवलं आहे तिथं,” मंदाताई म्हणाल्या. मग सरांकडे वळून त्यांनी हळूच विचारले, “मंग येऊ का उद्या?”

आम्हां चौघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही. असे निःशंक पंडित तुमच्याकडेही आहेत, की हे वैभव केवळ आमचेच?