काकाला भुईवर घेतलं तेव्हा

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज वर्तमानपत्रातल्या बातम्या लिहितो. आज घरची लिहितो.

माझ्या काकानं खामगावला कापसाच्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, उभा जन्म काढला. छाती कामातून गेली. हा दम आता जायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे.

आज सकाळी दम इतका वाढला, की आम्हाला वाटलं वेळ आली. रिवाजाप्रमाणे चौघांनी त्याला खाटेवरून उतरवून भुईवर आडवं केलं. वारं लागू नये म्हणून दार लावलं, तोंडात गंगाजल घातलं. काका हात वर करू लागला. रामराम करतो आहे असं समजून मी त्याचे हात जोडून दिले.

मागून काकू ओरडली, "आडवं काऊन केलं? सा महिने झाले, हे बसल्या बसल्याच झोपतेत!"

मीच तिला गप्प बस म्हणालो. तिनं ऐकलं नाही. दार उघडलं, त्याला उठवून बसवलं, त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. मला म्हणाली, "तोंडावर वारा घाल."

थोड्या वेळानं दम जरा बसला. काका माझ्याकडे पाहून म्हणाला, "बसवा म्हणून हात करून राह्यलो होतो बापू. तू तं जोडूनच टाकले."

दोन वर्षांपूर्वी माझे वडील याच दमानं गेले. त्यांनाही आम्ही असंच आडवं केलं होतं. तेही हात वर करत होते. जाताना मला आशीर्वाद देऊन गेले, असं मी आजवर गावभर सांगत आलो.

तुमच्या घरी कोणी असा हात वर केला होता का?