बोगी मद्रासपर्यंतच

सन १९७५, जानेवारीतला दुसरा गुरुवार. रक्कम एकोणीस हजार आठशे रुपये. बहात्तर माणसं, प्रत्येकी दोनशे पंचाहत्तर. हजर: आमच्या कारखान्याच्या सहल कमिटीचे पाच जण, त्यात खजिनदार म्हणून मी, आणि बैठक माझ्याच आकुर्डीच्या खोल्यांत असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दारात पाय लांब करून बसलेली माझी थोरली बहीण, अक्का.

गुरुवार हा आमचा सुट्टीचा वार. त्या दिवशी ‘दक्षिण दर्शन’ सहलीची शेवटची वर्गणी जमा झाली. आम्ही रेल्वेची एक आख्खी बोगी राखून घेणार होतो. ही बोगी मेलगाडीला जोडतात, बघायचं ठिकाण आलं की सोडून यार्डात उभी करतात, आणि बघून झालं की पुढच्या गाडीला पुन्हा जोडतात. झोपणं, राहणं सगळं तिच्यातच, चूल शेजारी यार्डात. गाठोडं एकदा चढवलं की बारा दिवसांनी पुण्यातच उतरवायचं.

म्हणून तर अक्का तयार झाली होती. ती चऱ्होलीला दिलेली, लवकर विधवा झालेली. आमची आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पुढे विहिरीच्या पायरीवरून ती पडली आणि तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. सहलीचा कार्यक्रम मी तिला वाचून दाखवला तेव्हा देवळं, लेणी, राजवाडे यांवर ती काही बोलली नाही. रामेश्वरच्या आधी गाडी पुलावरून समुद्र ओलांडते, हे वाक्य मात्र तिने दोनदा वाचायला लावलं. तिने समुद्र पाहिलेला नव्हता.

“खिडकीत बसूनच दिसतो न्हवं?” तिने विचारलं.

दिसतो, असं मी सांगितलं.

सेक्रेटरी म्हणजे टूलरूमचा फोरमन. इंचाच्या हजाराव्या भागाच्या फरकावरून जॉब परत पाठवणारा माणूस. तो दोन फिटर घेऊन पुण्याच्या यार्डात गेला आणि तशाच एका बोगीची मापं घेऊन आला. बाकांची उंची, खिडक्यांची रुंदी, दोन बाकांमधली जागा, सगळं सूत-सूत मोजलं. त्यावरून भांड्यांच्या मांडण्या केल्या, पडद्यांचे आकडे केले. अक्कासाठी त्यांनी एक लोखंडी खुर्ची केली. पायाला पुढे सरकणारी फळी, आणि दोघांनी उचलायला बाजूला नळ्या. खिडकीशी ती अशी चपखल बसली की बोगीबरोबरच घडवली असावी.

पुण्याच्या ऑफिसने बोगी मद्रासपर्यंत आणि परत अशी दिली होती. पुढचं काय, असं मी बैठकीत विचारलं होतं. पुढचं तिथे जोडून देतात, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं, मलाही. मिरजेकडची लाइन काही वर्षांपूर्वीच रुंद झाली होती. अरुंद रूळ ही मागची गोष्ट, असं आमच्या डोक्यात बसलं होतं.

फेब्रुवारीत निघालो. तिरुपतीला सगळे वर गेले तेव्हा अक्का बोगीत बसून तांदूळ निवडत राहिली आणि बहात्तर माणसांच्या पिशव्या राखल्या. परत आलेल्यांनी तिला प्रसाद दिला. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, समुद्र अजून किती लांब आहे.

मद्रासला बोगी एका मालधक्क्याशेजारी उभी केली. सेक्रेटरी स्टेशनातल्या साहेबांकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो बोगीत न चढता खाली खडीतच उभा राहिला.

“बोगी पुढे जात नाही,” तो म्हणाला. “तिकडचा रूळ अरुंद आहे. गाडीही दुसऱ्या स्टेशनावरून सुटते.”

वरच्या बाकावरून पेंटशॉपचा एक जण म्हणाला, “राव, सगळं मोजलंत. रूळ तेवढा राहिला.”

हसू आलं आणि लगेच भांडण सुरू झालं. अरुंद गाडीत एकदम बहात्तर जागा मिळणं शक्यच नव्हतं. तासाभराच्या वादानंतर ठरलं की चार दिवस इथेच राहायचं, बस करून महाबलीपुरम आणि कांची बघायची, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी बोगी परतीच्या मेलला लागेल. कोणाला रामेश्वरला जायचंच असेल तर त्याने स्वतःच्या खर्चाने जावं आणि वेळेत यावं. बोगी थांबणार नाही. बहुतेकांना हे मान्य झालं. एवढ्या दिवसांत लोकांना ती बोगी घरासारखी झाली होती, ती सोडायला कोणी राजी नव्हतं.

मी मात्र एका जागी बसू शकेना. बोगीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडीतून चालत राहिलो. जायची एक रात्र, यायची एक रात्र. रामेश्वरला पोचल्यावर त्याच दुपारी परतलो तरच एक दिवस हाताशी राहून बोगी खात्रीने सापडणार होती. गाडी रखडली तर दोन माणसांचं पुण्यापर्यंतचं भाडं वेगळं, आणि बायको-मुलं पुढे गेलेली. राखीव जागा नाही. अक्काला उचलायचं कोणी, तिचा पाय ठेवायचा कुठे, मोरीला न्यायचं कसं. हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मुलांना मी बघते, तुम्ही आधी वन्संना विचारा.

अक्काच्या खिडकीसमोर मालधक्क्याची भिंत होती. अक्का त्या भिंतीकडेच बघत बसली होती. चालशील का, असं विचारल्यावर आधी म्हणाली, राहू दे. महाबलीपुरमलाही समुद्र आहे, असं मी म्हणालो. बस वाळूच्या अलीकडेच थांबते, हे तिने बायकांकडून ऐकलेलं होतं.

“माझ्या पायाला झेपंल असं ह्या मुलखात येकच व्हतं,” ती म्हणाली. “त्येबी तुमी पायानं जायचं करून ठेवलंत.”

त्याच संध्याकाळी निघालो. दोन्ही फिटर खुर्चीसकट तिला दुसऱ्या स्टेशनापर्यंत घेऊन आले. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे एका हमालाने हाताच्या खुणांनी सांगितलं की गाडी लागताना तो उडी मारून खिडकीची जागा धरेल. त्याने पाच रुपये म्हणून पाच बोटं दाखवली, मी दोन. गाडी आत येताना दिसली तशी माझी पाचही बोटं उघडली. त्याने लाल कापड टाकून जागा धरली. खुर्ची काही त्या डब्याच्या दारातून आत गेली नाही. ती फिटरांनी परत नेली. अक्काला आम्ही हातांवर घेऊन आत नेलं.

तिचा ताठ पाय समोरच्या बाईच्या गुडघ्यांना लागत होता. मी माफी मागत होतो, त्या बाईला माझी भाषा कळत नव्हती. शेवटी तिने अक्काची टाच उचलून स्वतःच्या गाठोड्यावर ठेवली आणि डबा उघडून इडली पुढे केली. रात्रभर मी उभा होतो. प्रत्येक स्टेशनाला गाडी किती थांबली ते बघत होतो.

सकाळी गाडी हळू झाली. इतकी हळू की मला वाटलं, आता थांबते आणि आमची बोगी चुकते. घड्याळावरून मान वर केली तर दोन्ही बाजूंना जमीन नव्हती. पुलाला कठडा नसावा. खिडकीतून खाली बघितलं तर थेट पाणी, हिरवं, हलणारं.

अक्काने दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला होता.

“खाली रूळ हायेत न्हवं?” तिने विचारलं.

आहेत, असं मी म्हणालो.

“आरं, मग दिसत का न्हाईत?” असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता तिने समोरच्या बाईच्या गुडघ्यावर थाप मारली. पूल सरेपर्यंत मग ती वाकून खाली पाण्याकडेच बघत राहिली. मी तेवढा वेळ घड्याळाकडे बघितलं नाही.

रामेश्वरला दोन हमालांनी तिला उचलून प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसवलं. परतीच्या गाडीला अवकाश होता. मी टांगा बघायला निघालो, निदान देवळाच्या दारापर्यंत तरी तिला न्यावं म्हणून. इतक्या लांब येऊन स्टेशनातूनच परत गेलो असं घरी काय सांगायचं.

“तू ये जाऊन,” अक्का म्हणाली. “मी हितंच बसते. जाताना दुसऱ्या बाजूचा समुद्र बघायचाय मला. ती जागा गेली म्हंजी?”

मी गेलो नाही. मीही बसलो. तिने माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली की येताना कोणती बाजू बघितली आणि जाताना कोणती बघायची.

आम्ही बोगी सुटायच्या आदल्या दिवशीच मद्रासला पोचलो. पुण्याला आल्यावर कमिटीने हिशेब केला आणि रामेश्वरचा भाग झाला नाही म्हणून माणशी बावीस रुपये परत दिले. आमच्या दोघांचे चव्वेचाळीस झाले. वेगळ्या तिकिटांत, हमालीत आणि खाण्यात त्याहून बरेच जास्त गेले होते.

त्यातली रामेश्वरच्या हमालाची शेवटची रक्कम मी दिलेली नाही. दुपारी गाडी लागली तेव्हा त्या दोघांतल्या एका हमालाने डाव्या-उजव्याचा घोटाळा करून सकाळी बघितलेल्याच समुद्राच्या बाजूची जागा धरली. अक्काने त्याला ओरडून उठवलं आणि हात करून पलीकडची खिडकी दाखवली. त्याने तिथल्या माणसाला उठवून तिची जागा करून दिली. मी पाकीट काढायच्या आत तिने कनवटीची गाठ सोडली आणि त्याच्या हातावर तीन रुपये ठेवले.