फसलेली नाणी

"कडेनं धरा, कडेनं. पोटाले हात नोका लावू."

कुणालाही नाणं दाखवताना आमचे हे सहकारी आधी त्याच्या तळहातावर स्वतःचा धुतलेला रुमाल पसरत, आणि मग हे बजावत. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या महसूल कार्यालयात आमची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी होती. पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराची, नक्कल मागायला आलेल्या माणसाला तिथं एवढं जपलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यांच्याकडूनही नाही.

नाणी जमवणारे तुम्हीही पाहिले असतील. आमच्याकडे निजामाचा रुपया बऱ्याच घरांतून निघतो, आणि प्रत्येक घर सांगतं की असा दुसरा कुठंच नाही. ह्या गृहस्थांना त्यात रस नव्हता. त्यांना हवी असत जुन्या अमेरिकेतली नाणी, आणि तीही फसलेली. तिथल्या सरकारनं हौसेनं काढली आणि पुढं गुपचूप गुंडाळली अशी. अर्ध्या सेंटचं. दोन सेंटचं. टपालाच्या तिकिटासाठी काढलेलं चांदीचं तीन सेंटचं, जे माशाच्या खवल्याइतकं पातळ होतं. आणि सगळ्यांत लाडकं, वीस सेंटचं.

"पंचवीसचं चालूच होतं," ते समजावत. "त्याच्याच अंगाचं, त्याच्याच तोंडवळ्याचं हे वीसचं काढलं. लोक फसू लागले, शिव्या देऊ लागले. चार वर्षांत खलास." मग नाण्यावरच्या बसलेल्या बाईकडे बघून म्हणत, "वाईट नव्हतं हो. चुकीच्या टायमाले आलं, एवढंच."

हा निकाल ते नाण्यांपुरता ठेवत नसत. सहा महिन्यांत बदली झालेला प्रामाणिक तहसीलदार, उद्‌घाटनानंतर बंद पडलेली पाण्याची योजना, ऑफिसातल्या एका कारकुनाचं मोडलेलं लग्न, सगळ्यांना तेच. "वाईट नव्हतं हो."

अमेरिकेत गेलेल्या पोरांकडून लोक अत्तर आणि चॉकलेटं मागवतात. ह्यांनी पुतण्याकडे वीस सेंटचं नाणं मागितलं. तो भाबडा तिथल्या बँकेत गेला. बँकेतल्या बाईनं शांतपणे सांगितलं, असं नाणं आमच्या देशात कधी नव्हतंच. हे ऐकून ते इतके खूश झाले की दुपारी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. "सरकारनं काढलं आणि सरकारच विसरलं," म्हणाले. "आपल्या जी.ओ.सारखं, सरकारी हुकमासारखं."

पुढं त्याच पुतण्यानं एका जुन्या दुकानातून ते शोधून पाठवलं. काळपट, निळसर झाक असलेलं. मी म्हटलं, जरा घासून घ्या की, बाईचं तोंड तरी दिसेल. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पहाणीवर शाई सांडली.

"मळ नाही तो, वय हाये त्याचं. घासलं का मेलं."

निवृत्तीच्या समारंभात पाहुण्यांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि 'भारताच्या प्राचीन वैभवाचे रखवालदार' अशी पदवीही दिली. समोरच्या पेटीतल्या प्रत्येक नाण्यावर अमेरिकेचं नाव होतं. ते मान खाली घालून हसू दाबत राहिले. त्यांना खरी आस दुसऱ्याच गोष्टीची होती. नागपूरला संग्राहकांचं प्रदर्शन भरतं. तिथं एकदा आपलं टेबल लागावं आणि ज्यांना कळतं अशा चार माणसांनी वाकून बघावं. पदवी नको, शाल नको. नुसतं "अरे वा" पुरे.

त्या साली बोलावणं आलं. प्रदर्शन दिवाळीनंतर होतं. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या छातीत दुखलं आणि त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. विम्याचे कागद काढायला त्यांच्या बायकोकडे, वहिनींकडे, कपाटाची किल्ली आली. कागदांखाली नाण्यांची पेटी होती.

लक्ष्मीपूजनाला घरातली नाणी घासूनपुसून ताम्हणात मांडायची, ही आमच्याकडची रीत. वहिनींनी चिंचेचा कोळ केला, मीठ घेतलं, वर थोडी राख. एकेक नाणं लख्ख होईस्तोवर घासलं. नवरा दवाखान्यात आणि त्याची लक्ष्मी काळीकुट्ट, हे त्यांना बघवलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांच्या संसारात वहिनींना ठाऊक नव्हतं? नव्हतं. मळ नाही, वय आहे, हे गृहस्थांनी बोथमधल्या झाडून सगळ्यांना सांगितलं होतं. फक्त ते सांगत असायचे तेव्हा वहिनी आत पाहुण्यांचा चहा टाकत असायच्या.

ते घरी आले त्या दिवशी मी सोबत होतो. वहिनींनी पेटी समोर ठेवली आणि झाकण उघडलं. चिंचेनं उजळलेला पितळी तांब्या असतो ना, तशी नाणी चकाकत होती. त्यांनी वीस सेंटचं उचललं. कडेनं धरून उजेडात फिरवलं.

"काऊन वो? नाही आवडलं?" वहिनींनी विचारलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मले जमलं नसतं."

नागपूरला त्यांनी कळवून टाकलं, प्रकृती बरी नाही. डॉक्टरांनी तर जायला हरकत नाही म्हटलं होतं. वहिनी माझ्यासमोरच तडकल्या, "एवढी घासून ठेवली, अन् आता हे घरात बसून राह्यले. मी येतो म्हणतो ना संगं!"

बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "तेच तर. तुमची वहिनी येईन अन् तिथं कोनी ना कोनी बोलून जाईन. तिच्यासमोर."

"मग एकटे जा."

"इतकी वर्षं नाणी एकट्यानंच तर पाह्यली."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. चहा झाल्यावर आरामखुर्चीत टेकले ते तसेच.

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरहून एक संग्राहक भेटायला आले. माणूस सज्जन. पेटी उघडली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरेरे! धुतली कुणी?" वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. "मीच," त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी सावरून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण वहिनींनी सगळं विचारून घेतलं.

मी गेलो तेव्हा त्यांनी बसा म्हणायच्याही आधी विचारलं, "भाऊजी, तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग ह्यांनी मले काऊन नाही सांगतलं? भांडलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. मिटलं असतं ना." मग म्हणाल्या, "आता कोनासंगं भांडू?"

ज्यांना वाईट वाटू नये म्हणून ते नागपूरला गेले नाहीत, त्यांना आता दोन गोष्टींचं वाईट वाटत होतं.

पाहुण्यांनी जाता जाता धीर द्यायला सांगितलं होतं म्हणे, की चांदी हवेनं पुन्हा काळी पडते. जाणकाराला फरक कळतो, पण पडते. वहिनींनी त्यातलं पहिलंच वाक्य धरून ठेवलं आहे. खिडकीत एका पांढऱ्या फडक्यावर त्यांनी सगळी नाणी मांडली आहेत. गेल्या आठवड्यात मी गेलो तर मला हात धरून तिकडे नेलं.

"पाहा बरं, पडून राह्यली का काळी? खोटं नोका सांगू हं. त्यांच्यासारखं."

मी चष्मा लावून वाकलो. वीस सेंटची बाई मांडीवर ऊन घेऊन लखलखत होती.

"नाही वहिनी. अजून नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि वाळवण उलटावं तसं एकेक नाणं त्यांनी दुसऱ्या बाजूनं ठेवलं.