हळद जुळवणारे काका

कोणी दुकानात येऊन आल्या आल्या प्रोसेसरचं नाव घेतलं, की काका उजवा पंजा वर करायचे, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. "ते नंतर. पहिले फोटो दाखव."

मग समोरच्याला मुकाट्याने पेन ड्राइव्ह काढावा लागे. काका त्याला आपल्या मशीनवर बसवायचे आणि मागे उभे राहायचे. हा एका वेळी किती फोटो उघडतो, कुठे अडकतो, कशाची वाट बघतो, हे सगळं बघून झालं की मगच एकेक पार्ट सांगायला लागायचे. टावर चौकामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटर जोडून देणारे उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाइकाचं काम बघितल्याशिवाय यादी न करणारा माणूस तुम्हीही फारसा पाहिला नसेल.

मी घरी बसून लग्नाच्या अल्बमचे फोटो एडिट करते. लोकांशी कमी बोलावं लागतं, म्हणून हे काम मला बरं वाटतं. पहिल्यांदा गेले तेव्हा बोलायला नको म्हणून इंटरनेटवरून यादीच उतरवून नेली होती. त्यातलं ग्राफिक कार्ड बघून काकांनी विचारलं, "गेम खेळतेस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग हा हत्ती कशाला पाळतेस?"

कार्ड साधं झालं, रॅम दुप्पट झाली, फोटोंसाठी वेगळी हार्ड डिस्क आली आणि बजेटचा मोठा वाटा मॉनिटरकडे गेला. नवरीचा चेहरा मॉनिटरवर दिसणार आहे, कार्डावर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. त्यांच्या मराठीत 'बिलकुल' आणि 'मतलब' घरच्यासारखे वावरायचे. माझं मराठी इंग्रजी शाळेच्या तावडीतून वाचलं तेवढंच. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुमचा तब्येत कसा आहे?" बोलल्यावर माझी मलाच चूक कळली आणि कान तापले. काका गंभीरपणे म्हणाले, "चांगला आहे. शुगर जरा जास्ती राहते, बाकी बिलकुल चांगला आहे." मी घरी जाऊन हसले, आणि थोडी रडलेही. माझी चूक झाकण्यासाठी कोणी स्वतःची भाषा मोडली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

तरुणपणी ते एका स्टुडिओत कृष्णधवल फोटो हाताने रंगवायचे. त्यामुळे नव्या मॉनिटरचे रंग लावायची त्यांची स्वतःची रीत होती. स्टीलच्या एका डबीत हळद आणि कुंकू शेजारी शेजारी असायचं. त्या डबीचा फोटो काढून ते स्क्रीनवर उघडायचे, खरी डबी शेजारी धरायचे आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत मॉनिटरची बटणं दाबत राहायचे. रंग मोजायचं यंत्र मिळतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. "यंत्राला कधी हळद लागली आहे का?" एवढंच ते म्हणाले.

माझा मॉनिटर लावायच्या दिवशी काही गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या. रॅमच्या डब्यावरची बारीक अक्षरं त्यांनी मला वाचायला लावली. स्क्रू ते बोटांनी चाचपून शोधत होते. डबी धरून बराच वेळ बटणं दाबत बसले. स्क्रीनवरचं कुंकू ठीक होतं, पण हळद अगदी फिकट, जवळजवळ पांढरी दिसत होती. काकांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग माझ्याकडे वळले. "बघ गं. मिळाली ना?"

इतकी वर्षं हळद जुळली का, असं त्यांनी कोणाला विचारलं नसावं.

"हो काका," मी म्हटलं.

त्यांनी माझं मराठी सुधारलं नव्हतं. मी त्यांची हळद कशी सुधारणार, असं मला वाटलं. यालाच मान राखणं म्हणतात, अशी माझी समजूत होती. घरी आल्यावर ओळखीच्या एका मुलीकडून यंत्र मागून आणलं आणि गुपचूप रंग नीट करून घेतले. पुढे काकांचा अधूनमधून फोन यायचा, रंग कसे आहेत विचारायला. एकदम बरोबर, असं मी दर वेळी सांगायचे.

पाच-सहा महिन्यांनी मी आणखी एक हार्ड डिस्क घ्यायला गेले होते. तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणारा एकजण छापलेला अल्बम आणि काकांकडून घेतलेला मॉनिटर उचलून जिना चढून आला. स्क्रीनवर पिवळा कमी दिसत होता म्हणून त्याने तो सगळीकडे वाढवला होता आणि छापल्यावर भलतंच झालं होतं. "अंकल, पूरी बारात को पीलिया हो गया है," तो म्हणाला. अल्बममधले सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे होते.

काका चिडले नाहीत. मॉनिटर जोडला, डबी काढली, फोटो उघडून शेजारी धरली. त्याला बघायला सांगितलं.

त्याने बघितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "अंकल, इसमें हल्दी है कहाँ? ये तो आटा दिख रहा है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने डबीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

डॉक्टर काय म्हणाले ते काकूंनी मला फोनवर सांगितलं. साखरेमुळे डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. पाच-सहा महिने आधी आला असतात तर बरीच नजर वाचली असती, असं ते म्हणाले. काकू सहज बोलत होत्या. मी फोन धरून महिने मोजत होते.

दुकान बंद झालं. काका-काकू रायपूरला मुलीकडे राहायला जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. रिक्षात एक वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोकत होते. मी समोर उभी होते, तरी काकांनी "कोण?" विचारलं.

कोणा जुन्या गिऱ्हाइकाला फोटो एडिटिंगसाठी मशीन हवं होतं. काकांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि एकेक पार्ट तोंडी सांगितला. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. कुठे अडखळले नाहीत. मग थांबले.

"मॉनिटर तू लिही."

मी लिहिलं नाही. घोकलेलं वाक्य विसरले होते. "काका, त्या दिवशी हळद मिळाली नव्हती," मी म्हटलं. "मला दिसलं होतं."

आतून काकूंच्या बांधाबांधीचा आवाज येत होता. काका हातातल्या चहाच्या कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. कप रिकामा होता.

"मलाही शक येत होता," ते म्हणाले. "म्हणून तर तुला विचारलं होतं."