उशी

गादीवर पडावं तर त्यानंच. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बेकरीत पहाटे चारपासून पीठ मळणारा हा माणूस हवेतून जायचा आणि कापसाच्या गठ्ठ्यासारखा अलगद उतरायचा. आयकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात सगळे त्याला उशी म्हणत. ‘उशीबरोबर सराव केला की आपण फार मोठे योद्धे आहोत असं वाटतं,’ अशी थट्टा चाले, आणि तो गालातल्या गालात हसे. यात थट्टेपेक्षा खरं किती होतं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

आयकिदोत दोघं लागतात. एक डाव करतो, दुसरा मनगट धरतो, हल्ला करतो आणि पडतो. पडणाऱ्याला ‘उके’ म्हणतात. वर्गाच्या बाई पहिल्याच दिवशी बजावत, “उकेनं धरायचं ते खरं धरायचं. उगाच अडून बसायचं नाही, पण तोल गेल्याशिवाय पडायचंही नाही. जोडीदाराची चूक त्याला इथं कळू दे. बाहेर कळली तर फार लागतं.” उशीनं हे बारा वर्षं ऐकलं होतं. पाळलंही होतं, भाची वर्गात येईपर्यंत.

भाची मनोरुग्णालयात परिचारिका. दीड वर्षापूर्वी एका रुग्णानं तिचं मनगट पिरगळलं आणि पोरीनं धास्तीच घेतली. कामावर जायचं म्हटलं की हात गार पडायचे. मामाच तिला वर्गात घेऊन आला. तिनं डाव टाकायला घेतला की तिचा चेहरा इतका रडवेला व्हायचा, की मामाचे गुडघे आपोआप वाकायचे. ती वळण्याआधीच हा खाली! मग ती खुदकन हसायची. त्या हसण्यापायी हा दीड वर्ष पडत राहिला. माया आंधळी असते म्हणतात. याची तर ठार आंधळी होती.

मंगळवारी सराव संपल्यावर ती सहज म्हणाली, “मामा, वॉर्डात एक नवा आलाय. चांगला धिप्पाड. भेटेल त्याचं मनगट धरतो. बाकीच्या घाबरतात, मी एकटी जाते त्याच्या खोलीत.”

“एकटी?”

“त्यात काय! धरलंन तर तुझ्यासारखा लोळवीन.”

बुधवारी पीठ मळताना मामानं उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट आवळून पाहिलं. तीस वर्षं कणीक तिंबलेला पंजा तो. असं आपण तिला एकदा तरी धरलंय का? एकदाही नाही. त्यानं बहिणीला फोन लावला.

“अगं, तिला म्हणावं, त्या खोलीत एकटी जाऊ नकोस.”

“आता तू भित्रेपणा शिकवू नकोस हं,” बहीण म्हणाली. “तुझ्यामुळं तर पोरगी माणसात आली. पुन्हा झोपायला लागलीये.”

त्यानं फोन ठेवला. सांगावं तर तिचा धीर जातो, न सांगावं तर तिचा हात जातो. पावात मीठ घातलं की नाही हे त्या दिवशी त्याला आठवेना.

गुरुवारी नव्या लोकांना डाव दाखवायला बाईंनी नेमकं भाचीलाच पुढं बोलावलं. ती ऐटीत उभी राहिली. मामानं मनगट धरलं. खरं धरलं.

ती वळली. काहीच हललं नाही.

तिनं पुन्हा जोर लावला. कानापर्यंत लाल झाली. मग अगदी हळू म्हणाली, “मामा, पड ना.”

त्याचे गुडघे वाकायला आले. त्यानं ते ताठ केले. “तो नाही गं पडणार, बाळा.”

“म्हणजे इतके दिवस...”

“मीच पडत होतो.”

सगळे बघत होते. तिचा हात त्याच्या मुठीत गार होत गेला, आणि दीड वर्षापूर्वीचा तो चेहरा परत आला. ती पिशवी उचलून निघून गेली. बाई त्याच्याजवळ आल्या. त्याला वाटलं, पाठ थोपटतील. “इतके दिवस तिला सांभाळत होतास की स्वतःला?” एवढंच विचारून त्या नव्या लोकांकडं वळल्या.

शुक्रवारी तिची सकाळपाळी होती. उशीचा जीव टांगणीला लागला. फोन केला, तिनं उचलला नाही. पुन्हा केला. पावांचा एक अख्खा ट्रे करपला, गिऱ्हाईकाला दुसऱ्याचाच केक बांधून दिला. आपण तिची भीती परत दिली, आणि बदल्यात दिलं काय? रागाच्या भरात ती त्या खोलीत गेली असेल तर? दर वेळी दार वाजलं की त्याला बहीणच आली असं वाटे.

साडेतीनला मागच्या दारातून भाची आली. गणवेशातच. डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ होते.

“धरलंन?” त्याला दुसरं काही सुचेना.

“धरलंन. काल तू धरलंस ना, अगदी तसं.” तिनं मनगट पुढं केलं. “वॉर्डातल्या दोघा मदतनिसांना बरोबर घेऊन गेले होते. त्यांनी सोडवलं. नेहमीसारखी एकटी गेले असते तर...”

तो खुर्ची पुढं करायला गेला, तर तिनं पीठ सांडलेल्या टेबलावर उजवा हात ठेवला.

“धर.”

“आत्ता? अगं, बस तरी. पाणी...”

“धर म्हणते ना. आणि आज उगाच पडलास, तर मामा म्हणून हाक मारणार नाही.”

त्यानं हात पुसले आणि धरलं. तिला दुखलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं मूठ सैल केली नाही.