सेवेने झिजलेले पाय

तुमच्या घरातले वडीलधारे माणूस खुर्चीतून उठू लागले की तुम्ही "बसा, बसा, मी आणते" असे म्हणता ना? ते कोणाच्या भल्यासाठी म्हणता?

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका डॉक्टरांनी मला हे विचारले होते. एकसष्ट सालचा मार्च होता. माझे नानाकाका तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसले होते. आदल्या दिवशी न्हाणीघराकडे जाताना ते पडले होते. एक्स-रे झाला, रक्त घेतले, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली. मग डॉक्टरांनी टेपने त्यांच्या मांड्या मोजल्या आणि म्हणाले, "इनअॅक्टिव्हिटी अॅट्रोफी." न वापरल्यामुळे स्नायू झिजणे, असा त्याचा अर्थ.

"हाड मोडलेले नाही. पक्षाघात नाही. यांना कोणीतरी बसवून ठेवले आहे, फ्रॉइलाइन," ते मला म्हणाले.

ते कोणीतरी म्हणजे मी.

नानाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय अडुसष्ट. तरुणपणी शिकायला जर्मनीत आले ते इथेच राहिले. काकू जर्मन होत्या. मी येण्याआधीच वारल्या. मूलबाळ नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला मी आले आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहू लागले. तोवर ते तळघरातून कोळसा स्वतः आणत, बाजारहाट सायकलवरून करीत, आणि पाळी आली की जिना ओल्या फडक्याने पुसत. जिना पुसण्याची पाळी ज्याची असेल त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लागे. काम झाले की त्याने ती पुढच्या दारावर नेऊन लावायची.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसाचा दाह. रुग्णालयात तीन आठवडे "पडून राहा" एवढाच हुकूम होता. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर "हळूहळू हिंडते-फिरते करावे" असे लिहिले होते. मी तो वाचला आणि कपाटात ठेवला. त्याच सुमारास आईचे पत्र आले: "नानांना पेलाभर पाणीसुद्धा उठून घ्यायला लावू नकोस. परमुलखात त्यांचं माणूस तूच."

हे पत्र मात्र मी अक्षरशः पाळले.

सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत निघण्यापूर्वी मी त्यांच्या पायांत मोजे घाली. थर्मासमधला चहा, पाव, औषधे, वर्तमानपत्र, रेडिओ, सगळे हाताशी मांडी. संध्याकाळी सहाला परत येई तेव्हा ते त्याच खुर्चीत असत.

"आज काय केलंत, काका?"

"आल्झो," जर्मन "तर मग" त्यांच्या तोंडात बसले होते, "पुष्कळ. समोरच्या छपरावरची कबुतरं मोजली. एक लंगडं आहे. त्याला तुझ्यासारखी पुतणी नाही, म्हणून उडतंय अजून."

मी हसले. थट्टेतले खरे मला ऐकूच आले नाही.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या दारावर पाटी लागली. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, यांनी ती लावली होती. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा युद्धातून परतला नव्हता. मी तणतणत वर गेले.

"आजारी माणसाकडून जिना पुसून घेणार?"

"पुसा तुम्ही. पाटी खाली त्यांना नेऊ द्या. तेवढे तरी उठतील."

"आमच्यात म्हाताऱ्यांना राबवत नाहीत!"

"आमच्यात जिवंत माणसाला खुर्चीत पुरत नाहीत," म्हणाल्या आणि दार लावले.

लहानपणापासून मी चळवळीची पत्रके वाटत आणि लिहीत आले आहे. त्या संध्याकाळी या देशाच्या निष्ठुर व्यक्तिवादावर मी चार पाने लिहिली. संतापाइतकी खात्रीची गोष्ट नाही, असे तेव्हा मला वाटे. खरे तर त्या इमारतीत माणसे एकमेकांना भेटत ती जिन्यातच. कोळशाची बादली खाली ठेवून दोन वाक्ये बोलत. मी काकांचा जिना बंद केला आणि त्यांची माणसेही बंद केली. पाच आठवडे ते दिवसभर एकटे होते, आणि त्यालाच मी सेवा म्हणत होते.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. तेवढ्यात ते स्वतःच्या पायांनी तीन मजले चढले नाहीत, तर गावाबाहेरच्या वृद्धाश्रमासाठी क्लिनिक अर्ज करणार होते. बसची वाट पाहताना काका म्हणाले, "सुमे, तिथे मराठी सोड, माझं जर्मनसुद्धा ऐकायला कोणी नसेल. आपलं घर तुझ्या काकूचं आहे गं."

आठवड्यातून दोनदा क्रांकेनगिम्नास्टिक सुरू झाले, म्हणजे आजाऱ्यांचा व्यायाम. तिथे पाहिले ते इतके साधे होते की मला शरम वाटली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचे, पुन्हा बसायचे. असे पाच वेळा. टेबल धरून टाचा उचलायच्या. एक पायरी चढायची, उतरायची. शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तुमचा व्यायाम सर्वांत अवघड. हात पाठीमागे बांधून उभ्या राहा."

मी उभी राहिले. उठताना काकांच्या मांड्या थरथरत. मोजे घालायला पाव तास लागे.

"बघतेस काय? तमाशा चाललाय?"

"डॉक्टरांचा हुकूम आहे, काका."

"मग या म्हणावं त्यांना मोजे घालायला!"

पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्यात ते स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आले. अर्धे सांडले, उरलेले उभ्यानेच प्यायले. चौथ्यात एक मजला झाला. पाचव्यात मी प्रयोगशाळेत असताना ते मधल्या पायरीवर बसले ते उठेचनात. फ्राउ लिंडनर यांनी पाहिले. त्यांनी त्यांना ओढून उठवले नाही. शेजारी बसून राहिल्या, काका आपणहून उठेपर्यंत. हे कळल्यावर मी माफी मागायला वर गेले.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. पुन्हा दार लागले.

मुदत संपली त्या दिवशी डॉक्टरांनी क्लिनिकच्याच जिन्यावर परीक्षा घेतली. ते काकांबरोबर वर गेले. मला खालीच थांबवले. पावले ऐकू येत होती. पहिला मजला. थांबले. दुसरा. मग इतका वेळ काहीच ऐकू आले नाही की माझे हात आपोआप कठड्याकडे गेले. मी ते मागे घेतले. शेवटी वरून आवाज आला, "सुमे, वर ये! मी खाली न्यायला येणार नाही हां!"

वृद्धाश्रमाचा अर्ज फाइलमधून काढून टाकला गेला.

गेलेले सगळे परत आले नाही. सायकल देऊन टाकावी लागली. कोळशाची बादली आता अर्धीच भरतात. रोज दुपारी काका नदीपर्यंत चालत जातात आणि मला बरोबर येऊ देत नाहीत. रविवारी ते गेले की घर रिकामे वाटते. ते खुर्चीत होते तेव्हा मला कधी एकटे वाटले नव्हते. ती सोबत मी त्यांचे पाय घेऊन मिळवली होती, हे आता समजते. ज्या डॉक्टरांनी आणि शेजारणीने माझा मान न ठेवता मला सांगितले, त्यांची मी ऋणी आहे.

तुम्हाला एकच विनंती. नुकत्याच आजारातून उठलेल्यांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. इतरांनी थांबू नये. आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक काम सांगा, ज्याची तुम्हाला खरोखर गरज आहे आणि ज्यासाठी त्यांना उठावे लागेल. मग कितीही वेळ लागो, ते पुरे होईपर्यंत थांबा.